बालकांमधील छाती-नलिका निचरा

छाती-नलिका निचरा म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत साठलेली हवा, पू, रक्त किंवा अन्य द्रव बाहेर काढण्यासाठी दोन बरगड्यांमधून नळी बसवण्याची वैद्यकीय कृती होय. मराठी वैद्यकीय लेखनात तिला आंतरपर्शुक निचरा असेही म्हटले जाते. रुग्णालयांच्या रोजच्या बोलण्यात मात्र 'आयसीडी' किंवा 'छातीत नळी टाकणे' हेच शब्द रूढ आहेत. नळीचे बाहेरचे टोक पाण्याखाली बुडवलेले असते, त्यामुळे आतील हवा व द्रव बाहेर येतात, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. प्रौढांमध्ये ही कृती नेहमीची आहे. बालकांमध्ये तीच कृती लहान मापाच्या साधनांनी केली की ती आपोआप सुरक्षित होते असे नाही, कारण बालकाची छाती ही प्रौढाच्या छातीची केवळ लहान प्रतिकृती नसते.

बालकाच्या छातीची रचना

फुप्फुसावर एक आणि छातीच्या आतील भिंतीवर एक असे फुप्फुसावरणाचे दोन पातळ थर असतात. निरोगी अवस्थेत त्यांच्यामध्ये वंगणापुरताच द्रव असतो आणि तेथील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी असल्यामुळे फुप्फुस फुगलेले राहते. या पोकळीत हवा शिरली (वातवक्ष), पू झाला (पूयवक्ष) किंवा रक्त साठले (रक्तवक्ष) तर फुप्फुस दबते.

बालकाच्या बरगड्या लवचीक असतात. अपघातात त्या मोडत नाहीत, वाकतात. म्हणून एकही बरगडी न मोडता आतील फुप्फुस गंभीररीत्या ठेचले गेलेले असू शकते. दोन फुप्फुसांमधील, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या व अन्ननलिका सामावणारा मध्यावकाश बालकात सैल व सरकता असतो. एका बाजूला दाबाखाली हवा साठली की तो दुसऱ्या बाजूला ढकलला जातो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि काही मिनिटांत रक्ताभिसरण ढासळू शकते. तान्ह्या मुलाच्या छातीची भिंत जेमतेम एक-दीड सेंटिमीटर जाड असते. प्रौढाच्या स्नायूंतून नळी नेताना हाताला जो जोर लावण्याची सवय झालेली असते, तोच जोर येथे नळीला थेट फुप्फुसात, क्वचित हृदयापर्यंत नेऊ शकतो. श्वासपटलही बरेच वर असते. श्वास सोडताना ते चौथ्या-पाचव्या बरगडीच्या पातळीपर्यंत चढते, त्यामुळे थोडी खाली घातलेली नळी उजवीकडे यकृतात आणि डावीकडे प्लीहेत जाण्याचा धोका असतो.

नळी केव्हा लागते

भारतात बालकांमध्ये नळीची गरज प्रामुख्याने न्यूमोनियानंतर होणाऱ्या पूयवक्षामुळे पडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस व न्यूमोकॉकस हे त्याचे महत्त्वाचे कारक जंतू होत. न्यूमोकॉकसविरोधी संयुक्त लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. न्यूमोनियाच्या योग्य उपचारानंतरही ताप उतरत नसेल, एका बाजूचा श्वासाचा आवाज मंद झाला असेल आणि मूल त्याच कुशीवर झोपून राहत असेल, तर पूयवक्षाची शंका घेतली जाते.

वातवक्ष नवजात बालकांत, विशेषतः कृत्रिम श्वसनावर असलेल्यांत, अधिक आढळतो. मोठ्या मुलांत तो दमा, इजा किंवा श्वासनलिकेत अडकलेल्या शेंगदाण्यासारख्या वस्तूमुळेही होतो. रॉकेल प्यायलेल्या मुलांत फुप्फुसदाहाची गुंतागुंत म्हणून तो क्वचित दिसतो. हवा दाबाखाली असेल आणि मूल कोसळत असेल, तर एक्स-रेची वाट न पाहता प्रथम सुईने हवा मोकळी केली जाते. बालकांत ही सुई सामान्यतः गळ्याच्या हाडाच्या मध्यरेषेत दुसऱ्या आंतरपर्शुक जागेत घालतात. नळी त्यानंतर बसवली जाते. नवजात बालकाची छाती अंधारात प्रखर प्रकाशझोताने उजळून पाहिल्यास हवा साठलेली बाजू अधिक झळाळते. अतिदक्षता कक्षात ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते.

नळी केव्हा घालू नये

सुरक्षित नळीच्या चर्चेत हा भाग सर्वांत कमी वाचला जातो, परंतु बालकांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे. एक्स-रेवर पांढरी किंवा काळी छाया दिसली म्हणून ती नळीने काढण्याजोगीच असते असे नाही.

पावसाळ्यात व त्यानंतर मुंबई परिसरातील बालरुग्ण कक्षांत याचे नेहमीचे उदाहरण डेंग्यूचे असते. डेंग्यूच्या गंभीर अवस्थेत केशवाहिन्यांमधून रक्तद्रव झिरपतो आणि छातीत, बहुधा उजव्या बाजूला, पाणी साठते. मुलाला धाप लागते, एक्स-रेवर पाणी स्पष्ट दिसते आणि नातेवाईक 'पाणी काढा' असा आग्रह धरतात. अशा वेळी नळी घालणे धोक्याचे असते. रक्तबिंबिका घटलेल्या असतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली असते आणि बरगडीलगतच्या रक्तवाहिनीला लागलेला छोटा धक्काही जीवघेण्या रक्तस्रावात परिणत होऊ शकतो. शिवाय हा द्रव पुवासारखा अडकून राहत नाही. झिरपण्याची अवस्था बहुधा एक ते दोन दिवसांत संपते आणि द्रव आपोआप रक्तात परत शोषला जातो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या डेंग्यूविषयक मार्गदर्शनात असा द्रव काढण्याचे प्रयत्न टाळण्यास सांगितले आहे. शिरेतून देण्याच्या द्रवाचे काटेकोर नियमन आणि गरजेप्रमाणे प्राणवायू किंवा श्वसनाधार हा येथील उपचार होय. पाणी शोषले जाण्याच्या काळात शिरेतून द्रव देणे चालूच राहिले, तर धाप आणखी वाढते आणि नळीचा मोह पुन्हा उत्पन्न होतो.

क्षयरोगामुळे साठलेले पिवळसर पाणीही बहुधा क्षयरोगविरोधी औषधांनी ओसरते. निदानासाठी सुईने थोडा नमुना घेणे पुरते; प्रत्येक मुलाला नळी लागत नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या विकारांत दोन्ही बाजूंना साठणाऱ्या पाण्यावर मूळ विकाराचा उपचार केला जातो.

वातवक्षासारख्या दिसणाऱ्या काळ्या छायेतही फसगत होते. स्टॅफिलोकॉकसच्या न्यूमोनियात फुप्फुसातच पातळ भिंतीचे हवेचे फुगे तयार होतात. हे फुगे बहुतेक वेळा आपोआप विरतात, पण त्यांत नळी घातली तर फुप्फुसाला कायमचे छिद्र पडून हवा गळत राहते. जन्मजात अतिफुगलेल्या फुप्फुसखंडातही हाच धोका असतो. जन्मजात श्वासपटल-विवरात आतडी किंवा जठर छातीत चढलेले असते आणि त्यांतील हवा वातवक्षाचा आभास निर्माण करते. तेथे घातलेली नळी आतड्यात जाते. शंका असल्यास नाकातून जठरात नळी घालून मग एक्स-रे काढतात. त्या नळीचे टोक छातीत दिसले तर निदान उलगडते.

सोनोग्राफीने यांपैकी बरेच प्रश्न खाटेजवळच सुटतात. द्रव आहे की घट्ट झालेले फुप्फुस, द्रव मोकळा आहे की जाळीदार पडद्यांनी विभागलेला, श्वासपटल नेमके कोठे आहे हे तिच्यात दिसते आणि किरणोत्सर्गही होत नाही. पूयवक्षासाठी प्रत्येक मुलाचे सीटी स्कॅन करण्याची गरज नसते.

इतिहास

छातीतील पू छेद देऊन बाहेर काढण्याचे वर्णन हिपोक्रॅटीसच्या परंपरेतील ग्रंथांत आढळते. पाण्याखाली टोक बुडवलेल्या नळीची बंद पद्धत एकोणिसाव्या शतकातील आहे. ब्रिटिश वैद्य प्लेफेअर यांनी १८७० च्या दशकात पूयवक्ष झालेल्या एका बालकावर ती वापरली. म्हणजे या पद्धतीच्या आरंभीच्या रुग्णांतच एक मूल होते. जर्मन वैद्य गोटहार्ड ब्यूलाउ यांनी १८७५ पासून ती वापरली व १८९१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

बंद पद्धतीचे महत्त्व पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पटले. अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर पूयवक्ष झालेल्या सैनिकांची छाती लवकर उघडून पू काढला जाई आणि त्यांतील सुमारे ३० टक्के दगावत. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांचा सहभाग असलेल्या पूयवक्ष आयोगाने दाखवून दिले, की फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटण्याआधी छाती उघडल्यास हवा आत शिरते, मध्यावकाश सरकतो आणि रुग्ण संसर्गाने नव्हे तर उपचाराने मरतो. बंद निचऱ्याचा अवलंब झाल्यावर मृत्यूचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले. सैनिकांवरून मिळालेला हा धडा मध्यावकाश अधिक सरकता असलेल्या बालकांना अधिकच लागू पडतो.

जागेची निवड

नळीसाठी पसंत केली जाणारी जागा 'सुरक्षित त्रिकोण' या नावाने ओळखली जाते. काखेखाली पुढच्या बाजूला छातीच्या मोठ्या स्नायूची कडा, मागच्या बाजूला पाठीच्या रुंद स्नायूची कडा आणि खाली स्तनाग्राच्या पातळीवरील आडवी रेषा या त्याच्या तीन बाजू. या भागात स्नायू पातळ असतात आणि हृदय, यकृत व काखेतील मोठ्या रक्तवाहिन्या तुलनेने दूर राहतात. बालकांत चौथी किंवा पाचवी आंतरपर्शुक जागा, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, निवडली जाते. पू एखाद्या कोपऱ्यात कोंडलेला असेल तर सोनोग्राफीने दाखवलेली जागा श्रेष्ठ ठरते. मात्र खूण करताना मूल ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत नळी घालावी लागते. बसलेल्या मुलाच्या पाठीवर केलेली खूण त्याला आडवे केल्यावर निरुपयोगी होते.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेलगत शीर, रोहिणी व मज्जातंतू एकत्र धावतात. यासाठी नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत नेली जाते. स्तनाग्राजवळ छेद घेणे टाळण्यामागे आणखी एक कारण आहे: मुलींमध्ये, अगदी नवजात असतानाही, स्तनाच्या अंकुराला झालेली इजा वयात आल्यावर स्तनाच्या विकृतीच्या रूपाने दिसते. नळी घालणाऱ्या डॉक्टरला तो परिणाम बहुधा पाहावाही लागत नाही.

नळीचे माप आणि भूल

नळीची जाडी 'फ्रेंच' या एककात मोजतात. १ फ्रेंच म्हणजे बाह्य व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर. नवजात बालकाला साधारण ८ ते १२, वर्षाच्या आतील बालकाला १२ ते १६ आणि त्यापुढील मुलांना १६ ते २४ क्रमांकाची नळी लागते. तातडीच्या वेळी श्वासनलिकेतील नळीच्या मापाची चौपट हा एक सोपा अंदाज वापरतात. रक्तासाठी जाड नळी लागते, कारण बारीक नळी गुठळ्यांनी तुंबते. पुवासाठीही जाड नळीच हवी असा जुना समज होता. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००५ च्या बालकांविषयीच्या मार्गदर्शनात मात्र जाड नळी सरस असल्याचा पुरावा नसल्याने, हालचालीस सोयीच्या आणि कमी दुखणाऱ्या बारीक नळ्या शक्यतो वापराव्यात असे म्हटले आहे.

भीतीने रडणारे, हातपाय झाडणारे मूल धरून ठेवून नळी घालणे क्रूर तर आहेच, शिवाय असुरक्षितही आहे. शक्य तेथे शस्त्रक्रियागृहात पूर्ण भूल दिली जाते. गुंगीचे औषध द्यायचे असल्यास श्वसनमार्ग सांभाळू शकणारी प्रशिक्षित व्यक्ती केवळ त्याच कामासाठी उपस्थित असावी लागते, कारण एका फुप्फुसावर जगणाऱ्या मुलाचा श्वास गुंगीत मंदावू शकतो. जागेवर टोचण्याच्या लिग्नोकेनची मात्रा वजनानुसार ठरते. किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली, तर १० किलोच्या बालकाला नेहमीच्या २ टक्के द्रावणाचे दीड मिलिलिटरच देता येते. प्रौढांसाठी भरलेली सिरिंज तशीच वापरली गेली तर झटके येण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो.

नळी बसवण्याची रीत

सुरुवातीस रुग्णाची ओळख, एक्स-रे आणि बाजू पुन्हा तपासली जाते. एक्स-रे उलटा लावल्यामुळे चुकीच्या बाजूला नळी पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. निवडलेल्या जागेतून सुईने हवा किंवा द्रव येतो याची खात्री केली जाते. तो आला नाही तर तेथे नळी घातली जात नाही.

उघड्या पद्धतीत त्वचेवर छोटा छेद घेऊन बोथट टोकाच्या चिमट्याने स्नायू अलगद विलग केले जातात. त्वचेचा छेद एक बरगडी खाली घेतल्यास तिरका मार्ग तयार होतो आणि नळी काढल्यावर तो आपोआप मिटतो. चिमट्याच्या टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर तर्जनी टेकवून धरली की फुप्फुसावरण पार होताना चिमटा झटक्याने खोल जात नाही. प्रौढांत त्यानंतर बोट आत फिरवून चिकटलेले फुप्फुस तपासतात. लहान मुलाच्या दोन बरगड्यांमध्ये बोट मावत नाही, त्यामुळे सोनोग्राफीवर अधिक विसंबावे लागते. नळीतील धातूची टोकदार सळई, म्हणजे ट्रोकार, जोराने दाबून आत घुसवण्याची जुनी रीत बालकांत निषिद्ध मानली जाते. अनेक नळ्या आजही ट्रोकारसह वेष्टनात मिळतात. तो बाजूला काढून ठेवणे हाच त्याचा योग्य उपयोग होय.

दुसरी पद्धत स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी वर्णन केलेल्या तंत्रावर आधारलेली आहे. सुईतून लवचीक तार आत सोडतात, तारेवरून मार्ग रुंद करणारा विस्फारक नेतात आणि शेवटी वेटोळ्या टोकाची बारीक नळी सरकवतात. ही पद्धत सौम्य वाटते, पण तिचा विस्फारक लांब व ताठ असतो. तो त्वचा व स्नायू पार करण्यापुरताच आत न्यायचा असतो. पूर्ण लांबीभर ढकलला तर तो ट्रोकारइतकाच घातक ठरतो. इंग्लंडमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये काढलेल्या इशाऱ्यात जानेवारी २००५ ते मार्च २००८ या काळात छाती-नळीशी संबंधित १२ मृत्यू व गंभीर इजेच्या १५ घटनांची नोंद होती. अननुभवी हात, अपुरी देखरेख आणि सोनोग्राफीचा अभाव ही त्यांतील वारंवार आढळलेली कारणे होती.

नळीची सर्व छिद्रे छातीच्या आत असावी लागतात. एक्स-रेवर नळीलगत दिसणारी पांढरी रेघ शेवटच्या छिद्रापाशी तुटलेली असते. ती तूट बरगड्यांच्या आत दिसली पाहिजे. नळी फार आत गेली असेल तर तिचे टोक मध्यावकाशाला टेकते, आणि नवजात बालकात तेथील मज्जातंतू दुखावून श्वासपटल लुळे पडू शकते. मात्र नळी व्यवस्थित काम करत असेल, तर केवळ एक्स-रेतील जागा मनासारखी नाही म्हणून ती हलवली जात नाही.

पाण्याची बाटली

नळी बसली की जबाबदारी परिचारिकांकडे आणि प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर आईकडे येते. बाटलीतील नळीचे टोक सुमारे २ सेंटिमीटर पाण्याखाली असते. मूल श्वास घेताना नळीतील पाणी वर चढते व सोडताना उतरते. कृत्रिम श्वसनावर हे उलट होते. हा हेलकावा थांबला तर नळी तुंबली, मुरगळली किंवा फुप्फुस पूर्ण फुगले, यांपैकी काहीतरी झालेले असते. लहान मुलांत नळी अंगाखाली दबणे हे सर्वांत साधे आणि वारंवार घडणारे कारण आहे. बाटली द्रवाने भरत जाते तसे टोक अधिक खोल बुडते आणि निचऱ्याला अडथळा होतो. म्हणून बाटली वेळेवर बदलावी लागते.

बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवली जाते. ती उचलून पलंगावर ठेवली तर आतील पाणी छातीत परतू शकते. बुडबुडे येत असलेली नळी चिमटा लावून बंद करणे हा गंभीर प्रमाद समजला जातो, कारण गळणारी हवा आतच कोंडून दाबाखालील वातवक्ष होतो. द्रव मात्र एकदम सगळा काढला जात नाही. सुरुवातीला वजनाच्या किलोमागे १० मिलिलिटर निघाल्यावर नळी तासभर बंद ठेवण्याची शिफारस आहे, अन्यथा दबलेले फुप्फुस झटकन फुगून त्यातच पाणी भरू शकते. बंद ठेवलेल्या काळात मुलाला धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर नळी लगेच उघडली जाते.

पू घट्ट व जाळीदार असेल तर नळीतून युरोकायनेज हे तंतू विरघळवणारे औषध दिले जाते. वर्षावरील मुलांसाठी ४०,००० एकक, ४० मिलिलिटर सलाइनमध्ये, दिवसातून दोनदा, तीन दिवस असा क्रम ब्रिटिश मार्गदर्शनात आहे. दुर्बिणीने छाती साफ करणे हा दुसरा पर्याय होय.

नवघर ते परळ: रुग्णाचे स्थलांतर

भाईंदर पूर्वेतील नवघर हा ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचा भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजेच टेंबा रुग्णालय, हे सार्वजनिक रुग्णालय आहे. मात्र १९२९ मध्ये सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय किंवा १९२६ पासूनचे केईएम रुग्णालय ही मोठी केंद्रे परळला, पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहेत. गर्दीच्या वेळी हा प्रवास तासांत मोजावा लागतो.

म्हणून नवघरसारख्या उपनगरात प्रश्न केवळ नळी कशी घालावी हा नसतो. ती येथे घालावी की मुलाला आधी पुढे पाठवावे, हाही असतो. पूयवक्षाचे मूल प्राणवायू, प्रतिजैविके आणि शिरेतील द्रव देऊन स्थिर असेल, तर नळी बालशल्यचिकित्सा उपलब्ध असलेल्या ठिकाणी घालणे बहुधा हिताचे ठरते. दाबाखालील वातवक्षात मात्र उलट असते: हवा मोकळी केल्याशिवाय मुलाला रुग्णवाहिकेत ठेवणे म्हणजे वाटेत मृत्यूचा धोका पत्करणे होय. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे, परंतु चालत्या गाडीत नळी घालण्यासारखी स्थिती नसते.

नळी असलेल्या मुलाला नेताना ती चिमट्याने बंद करून नेण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, आणि ती हवा गळणाऱ्या मुलासाठी घातक आहे. बाटली सरळ व छातीच्या खाली धरता येत नसेल, तर हवा एकाच दिशेने जाऊ देणारी हाइमलिक झडप वापरता येते. वाटेत जोड निसटला तर नळीचे टोक स्वच्छ पाण्याच्या बाटलीत बुडवणे हा तात्पुरता उपाय आहे. नळीच बाहेर आली तर जखमेवर गॉज ठेवून तीन बाजूंनी चिकटपट्टी लावतात. चौथी बाजू साठणाऱ्या हवेला वाट राहावी म्हणून मोकळी सोडली जाते. मुलाबरोबर एक्स-रे, नळी घातल्याची वेळ आणि तोवर निघालेल्या द्रवाचे माप पाठवले नाही, तर पुढील रुग्णालयाला हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो.

नळी काढणे

ताप उतरला, फुप्फुस फुगले, हवा गळणे थांबले आणि २४ तासांतील निचरा किलोमागे १ मिलिलिटरपेक्षा कमी झाला की नळी काढली जाते. वेदनाशामक दिल्यावर दोन व्यक्ती मिळून हे काम करतात: एक नळी ओढते, दुसरी त्याच क्षणी जखम बंद करते. समजत्या मुलाला श्वास रोखून धरण्यास सांगतात. तान्ह्या मुलात श्वास सोडण्याचा क्षण साधावा लागतो. त्वचा चुण्यांसारखी आवळणारा गोल टाका टाळला जातो, कारण तो दुखतो आणि त्याचा व्रण कायम राहतो. त्यानंतर एक्स-रे काढून हवा शिरली नसल्याची खात्री केली जाते.

पूयवक्षातून बऱ्या झालेल्या मुलाच्या एक्स-रेवर फुप्फुसावरण जाड दिसत राहते आणि पाठीचा कणा काही काळ दुखऱ्या बाजूकडे झुकलेला असतो. प्रौढांप्रमाणे हे आवरण खरवडून काढण्याची गरज बालकांत क्वचितच पडते. बहुतेकांचे एक्स-रे तीन ते सहा महिन्यांत जवळपास पूर्ववत होतात आणि कणाही सरळ होतो.